जोडीने तपासणी

वहिनी गॅसपाशी उभ्या उभ्या पेंगल्या आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली, तेव्हाच खरं तर काटेसाहेबांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांच्या लक्षात आलं ते एवढंच, की पातेलं वरपर्यंत भरलं होतं आणि वरपर्यंत भरलेलं दूध उतू जाणारच. हे त्यांनी बायकोला उदाहरणासह समजावून सांगितलं. उदाहरण संपेपर्यंत वहिनींना दुसरी डुलकी लागली होती.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात ते निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जायचं, तराजूचा काटा मधोमध उभा राहतो का ते पाहायचं, वजनांवर शिक्का मारायचा आणि दुकानदाराने पुढे केलेल्या चहाकडे न बघता बाहेर पडायचं, हे त्यांचं काम. खात्यातल्या मंडळींनी चेष्टेने ठेवलेलं नाव त्यांनी पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. ज्याच्यावर शिक्का आहे त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि ज्याच्यावर नाही ते तपासून घ्यावं, एवढंच त्यांचं जगाविषयीचं म्हणणं होतं. आता बायकोवर काही कुणी शिक्का मारून देत नाही. त्यामुळे वहिनींची तपासणी लग्न झाल्यापासून चालूच होती.

वहिनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात आधी बरीच वर्षं शिलाईला आणि आता कटिंगला होत्या. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर, खडूच्या रेघा आणि हातभर लांब कात्री. हात असा चालायचा की शिलाईच्या बायका त्यांना 'मेलगाडी' म्हणत. घरीही तेच. काटेसाहेबांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत वहिनींचं भांडं घासून, पुसून, जागेवर जाऊन बसलेलं असे. बाकीचं वाक्य काटेसाहेब मोकळ्या ओट्याला ऐकवत.

ही मेलगाडी हळूहळू मंदावली, आणि मग जवळपास थांबलीच. सकाळी उठवेना. दुपारी टेबलावर कात्री हातात धरून त्या कापडाकडे बघत उभ्या राहू लागल्या. सगळे पंखा वाढवा म्हणत तेव्हा वहिनी शाल मागत. केस कंगव्यात मावेनात. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, आणि आवाज इतका घोगरा झाला की दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या मुलीने फोन केला तर ती आधी विचारायची, बाबा बोलताय का. खाणं निम्म्यावर आलं तरी वजन मात्र वाढतच होतं. वजन हा काटेसाहेबांचा प्रांत. त्यांनी आधी घरातला वजनकाटाच तपासून पाहिला. काटा निर्दोष निघाला.

तरीही वहिनींना स्वतःच्या तब्येतीची फार काळजी नव्हती. त्यांना काळजी होती अक्काकडे जायची. अक्का म्हणजे वहिनींची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच वहिनींची वेणी घातली, अक्कानेच शाळेत नेऊन सोडलं आणि कात्री कशी धरायची तेही अक्कानेच शिकवलं. ती अक्का आता एका लांबच्या गावात, मुलाच्या घरी अंथरुणाला खिळली होती. तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. फोनवर ती एकच गोष्ट मागायची, एकदा येऊन जा. दिवसभराचा बसचा प्रवास होता. वहिनी म्हणायच्या, येते, जरा अंगात त्राण येऊ दे. ते त्राण काही येत नव्हतं, आणि तिकडे अक्काचे दिवस संपत चालले होते.

तेव्हा काटेसाहेबांनी प्रकरण हातात घेतलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ते बायकोला स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, झोप कशी आहे. काटेसाहेब म्हणाले, उत्तम, दिवसासुद्धा लागते. भूक? बेताची, पण वजन बघाल तर विश्वास बसणार नाही. मन प्रसन्न असतं का? मनाचं काही नाही, त्यांचं मन मला पाठ आहे. वहिनी तोंड उघडायच्या आत तपासणी आटोपली. डॉक्टरांनी वयाप्रमाणे असं होतंच असा निर्वाळा देऊन ताकदीचं लाल औषध लिहून दिलं आणि सकाळी भरभर चालायला सांगितलं. ज्या बाईला पायातली चप्पल काढायला अर्धा तास लागत होता तिला भरभर चालायला सांगणं, हा त्या डॉक्टरांचा आशावाद म्हणायचा.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी गार पाण्याने आंघोळ सुचवली. थंडी वाजते ती शरीराला थंडीची सवय नाही म्हणून, असं त्यांचं निदान होतं. शेजारच्या विमा एजंटने कोबी आयुष्यातून वर्ज्य करायला सांगितलं आणि जाता जाता आजारपणाच्या पॉलिसीचं पत्रक दाराच्या कडीला अडकवून ठेवलं. कुणी म्हणालं मान गोल फिरवा, कुणी म्हणालं अजिबात फिरवू नका. वहिनी सगळ्यांचं ऐकत. गार पाण्याची आंघोळ त्यांनी खरोखर केली, आणि मग दिवसभर दोन रजया घेऊन त्या कुडकुडत पडून राहिल्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, बघा, शरीर प्रतिकार करतंय.

शेवटी मुलीने फोनवर निक्षून सांगितलं, आईचं थायरॉइड तपासून घ्या. गळ्यात एक ग्रंथी असते, ती मंदावली की अख्खं शरीर मंदावतं, रक्ताची एक तपासणी केली की कळतं. काटेसाहेबांना हा थोडा अपमान वाटला. एक तर मुलगी डॉक्टर नव्हती, आणि दुसरं म्हणजे हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. पण मुलीने परस्पर एका तपासणी केंद्रात वेळ घेऊनही टाकली. केंद्राची 'जोडीने तपासणी' अशी योजना होती. बायकोबरोबर नवऱ्याचंही रक्त तपासून मिळणार होतं. मिळतंय तर घ्यावं, असं म्हणून काटेसाहेब तयार झाले. आपल्यात काही निघणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती, पण ती खात्री छापील मिळाली तर बरंच.

रक्त देणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं ते कधी उपाशीपोटी तपासणी केंद्रात गेलेले नसावेत. पहिल्या दिवशी काटेसाहेबांनी निघताना सवयीने एक बिस्किट तोंडात टाकलं आणि केंद्रात विचारल्यावर ते प्रामाणिकपणे सांगून टाकलं. जोडीचं पॅकेज असल्यामुळे दोघांनाही परत पाठवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद होतं. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून आणलेल्या चिठ्ठीवर सही आहे पण शिक्का नाही, असा आक्षेप निघाला. दुसरं कुणी असतं तर खिडकीपाशी भांडलं असतं. काटेसाहेबांचे डोळे आदराने भरून आले. शिक्का आणायला ते उलट्या पावली निघाले. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नादुरुस्त. या सगळ्या खेपांना वहिनी कठड्याला धरून एकेक पायरी चढत आणि मधल्या वळणावर भिंतीला टेकून बसून राहत. उतरताना त्या म्हणाल्या, आज नाही झालं तर चालेल, पण उद्या नक्की होऊ दे, अक्काला सांगितलंय मी.

इथे काटेसाहेबांची एक सवय सांगायला हवी. प्रत्येक गोष्टीत ते आधी स्वतः पुढे होत. चहा कढत आहे का ते वहिनींच्या कपातला घोट घेऊन बघणार, नव्या खुर्चीत आधी स्वतः बसणार, डॉक्टरने रक्तदाबाचं यंत्र काढलं की बाही आधी स्वतःची वर करणार. यंत्र बरोबर आहे का ते कळायला नको? हे सगळं ते प्रेमाने करत, यात शंका नाही. नव्या नवलाईच्या दिवसांत वहिनींनाही त्याचं कौतुक वाटायचं.

तर चौथ्या खेपेला एकदाचा नंबर लागला. टेबलामागे बसलेल्या रक्त घेणाऱ्या मुलीने दोघांची नावं छापलेली स्टिकरं दोन नळ्यांना आधीच चिकटवून ट्रेमध्ये ओळीने ठेवली होती. पहिली नळी वहिनींची, कारण वेळ त्यांच्या नावावर घेतलेली, आणि दुसरी काटेसाहेबांची. तिने पहिल्या पेशंटला बसायला सांगितलं. वहिनी हाताची बाही सरकवत पुढे झाल्या, तर काटेसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून मागे घेतलं.

"घाबरू नकोस. आधी मी बसतो."

मुलीने नाव विचारलं. तोवर काटेसाहेबांची नजर खोलीतल्या वजनकाट्यावर गेली होती. त्यावरच्या खात्याच्या शिक्क्याची मुदत संपून बराच काळ झाला होता. हे त्यांनी तिला तिथल्या तिथे, कलमासकट ऐकवलं आणि आपण कोण आहोत तेही सांगितलं. मुलगी गडबडली. बाहेर रांग खोळंबली होती आणि आत साक्षात निरीक्षक बसला होता. तिने पहिल्या नळीत काटेसाहेबांचं रक्त घेतलं आणि दुसरीत वहिनींचं. बाहेर पडताना काटेसाहेब म्हणाले, बघ, मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. वहिनी म्हणाल्या, हो.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले आणि घरात उलथापालथ झाली. वहिनींच्या रिपोर्टात बोट ठेवायला जागा नव्हती. काटेसाहेबांच्या रिपोर्टात मात्र थायरॉइड मंदावलं की चढणारा टीएसएचचा आकडा नको तितका वर गेला होता आणि तो ठळक अक्षरांत छापला होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, थायरॉइड चांगलंच मंदावलंय, आश्चर्य आहे, तुम्हाला काहीच जाणवलं नाही? काटेसाहेब क्षणभर दुखावले. मग त्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांना जाणवू लागलं. परवा जिना चढताना आपण थांबलो होतो. मागच्या आठवड्यात छत्री विसरलो होतो. घरी येईपर्यंत ते पुरते आजारी झाले होते.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. ती पाण्याबरोबर हातात आणून देण्याचं काम वहिनींकडे आलं. ज्या बाईला स्वतःची कूस बदलायला श्रम पडत होते ती पहाटे उठून भिंत धरत यायची आणि धडधाकट नवऱ्याला त्याच्या आजाराची गोळी द्यायची. डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. पण छापलेल्या आकड्याची पुन्हा तपासणी करायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, म्हणून काटेसाहेबांनी ते पुढे ढकललं. शिवाय त्यांना मोठी तरतरी वाटत होती. त्यांनी माळा आवरला, खिडक्या घासल्या आणि खात्यात एका दिवसात इतके तराजू तपासले की बाजारात त्यांच्या नावाने बोटं मोडली जाऊ लागली.

आणि वहिनी? त्यांच्यासाठी तो निर्दोष रिपोर्ट म्हणजे शिक्षाच झाली. आतापर्यंत त्या आजारी असतील असा निदान संशय तरी होता, तो छापील कागदाने पुसून टाकला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, चला, आता उठा, कामाला लागा. कारखान्याच्या मालकाने कटिंगचं टेबल दुसऱ्या बाईकडे दिलं आणि वहिनींना काजं-बटणांवर बसवलं. एका सकाळी वहिनींनी काटेसाहेबांना विचारलं, "काही झालेलं नाही, मग मला असं का होतं हो?"

काटेसाहेब खिडकीची काच पुसत होते. कापड न थांबवता ते म्हणाले, "आळस असतो गं. एकदा अंगात भरला की तो आजारासारखाच वाटतो."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरं तेच आपण सांगतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच वहिनींनी ते मान्य केलं. त्याच दिवशी अक्काचा फोन आला तेव्हा काटेसाहेबांनी ऐकलं, वहिनी आपल्या घोगऱ्या आवाजात सांगत होत्या, "अगं, मला काही झालेलं नाही. तपासलं सगळं. नुसता आळस चढलाय मला." पलीकडून अक्का हसली असावी. तुला आणि आळस, असं काहीतरी ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, बरं, आळस गेला की ये. वहिनींनी फोन ठेवला आणि त्या बराच वेळ फोनकडेच बघत बसल्या.

तरी त्यांनी एकदा बसचं तिकीट काढलं. बॅग भरायला त्यांना अख्खा आठवडा लागला. निघायच्या दिवशी त्या भरलेल्या बॅगेवर बसल्या, पायात चप्पल घातली आणि बसल्या जागी झोपी गेल्या. काटेसाहेब दुकानं तपासून परतले तेव्हा बस कधीच निघून गेली होती. पुन्हा तिकीट काढलं. या वेळी स्वतः बसस्टँडवर सोडतो असं काटेसाहेबांनी कबूल केलं. पण त्या सकाळी त्यांना उठताच छातीत धडधडू लागलं. हात थरथरत होते, गेल्या महिन्याभरात विजार सैल झाली होती, आणि आता दरदरून घाम फुटला. हृदयविकार, असं निदान त्यांनी स्वतःच केलं आणि ते जमिनीवर आडवे झाले. विमा एजंटने रिक्षा आणली. वहिनींनी प्रवासाची बॅग उचलली आणि तीच घेऊन त्या इस्पितळात आल्या. अक्कासाठी घेतलेली मऊ चादर काटेसाहेबांच्या अंगावर घातली गेली.

इस्पितळात ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्या कमी बोलणाऱ्या आणि फार वेळ बघणाऱ्या होत्या. त्यांनी काटेसाहेबांचं हृदय तपासलं, रक्त घेतलं, गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्या म्हणाल्या, हृदयाला काही झालेलं नाही. थायरॉइडलाही कधी काही झालं नव्हतं. नसलेल्या आजाराच्या गोळ्या घेतल्यामुळे हे सगळं झालंय, त्या बंद करा. काटेसाहेब उठून बसले. शिक्क्याचा रिपोर्ट आहे, असं ते म्हणाले, आणि रिपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवलाय हेही सांगू लागले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. पलंगाच्या पायथ्याशी, उकाड्यात शाल गुंडाळून, सुजलेल्या चेहऱ्याने बसलेल्या वहिनींकडे त्या बघत होत्या.

"तुम्हाला किती दिवसांपासून थंडी वाजते?" त्यांनी विचारलं.

"तसं काही नाही, तिला—" काटेसाहेबांनी सुरुवात केली.

"मी यांना विचारतेय."

वहिनींना उत्तर द्यायची सवय राहिली नव्हती. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हळूहळू सांगायला लागल्या, आणि काटेसाहेबांनी त्यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकलं. कात्रीच्या कड्यात बोटं जात नाहीत. पायऱ्या दिसल्या की रडू येतं. नावं आठवत नाहीत, एकदा तर मुलीचं नाव आठवायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या भुवया पाहिल्या. त्यांच्या बाहेरच्या कडा विरळ झाल्या होत्या. इतकी वर्षं समोर असलेल्या त्या भुवया काटेसाहेबांनी पाहिल्याच नव्हत्या. मग वहिनींना खुर्चीवर गुडघे टेकून उभं करून बाईंनी टाचेच्या वर छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल हललं, पण जागेवर परत जायला त्याने इतका वेळ घेतला की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं झालं. "रक्त देताना आधी कोण बसलं होतं?" बाईंनी विचारलं. काटेसाहेबांना उत्तर ठाऊक होतं.

मग वहिनींचं रक्त पुन्हा घेतलं. या वेळी नर्सने नाव वहिनींच्या तोंडून वदवून घेतलं, नळी भरली आणि तिथेच त्यांच्या डोळ्यांसमोर स्टिकर चिकटवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. थायरॉइड जवळपास बंद पडल्यात जमा होतं. इतक्या दिवसांत ही बाई घरातली कामं करत कशी होती, याचंच डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. थोड्या मात्रेने सुरू करू, हळूहळू वाढवू, काही महिन्यांत फरक पडेल, असं त्यांनी सांगितलं. आजार साधा आहे, औषधही साधं आहे.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

वहिनी हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या भिंत धरत बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. अक्काला आधी सांगते, असं म्हणाल्या. पलंगावरून काटेसाहेबांना त्या पाठमोऱ्या दिसत होत्या. त्यांनी फोन कानाला लावला आणि हसऱ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, अरे, अक्काला दे, तिला सांगायचंय. फोन अक्काच्या मुलाने घेतला होता. अक्का दुपारीच गेली होती. तो मावशीला फोन करणारच होता, पण काका इस्पितळात आहेत असं कळल्यामुळे कसं सांगावं याचा विचार करत बसला होता. वहिनी रडल्या नाहीत. रडायला लागणारी ताकदसुद्धा त्यांच्यात नव्हती. आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि घडी घातलेली चादर मांडीवर घेऊन तिच्यावर हात फिरवत राहिल्या.

काटेसाहेबांनी घरी आल्यावर तपासणी केंद्राविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. तक्रारी लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. मुद्देसूद, कलमवार, नमस्कारापासून सहीपर्यंत. पण दर वेळी ते एका ठिकाणी येऊन अडायचे. घडलेला प्रसंग क्रमाने लिहायचा तर वहिनी पुढे झाल्या असताना आपण त्यांना मागे ओढलं, हे लिहावं लागत होतं. त्यांनी ते वाक्य वेगवेगळ्या रीतीने लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी त्यातून दोषी आपणच निघतोय असं दिसल्यावर त्यांनी कागद फाडून टाकला. केंद्रातला मुदत संपलेला वजनकाटाही त्यानंतर कुणी तपासला नाही.

गोळी चालू झाली. आता सकाळचं पाणी काटेसाहेब आणून देत. आधी वहिनींची सूज उतरली, मग शाल गेली, मग कंगव्यातले केस कमी झाले. कारखान्यात त्यांना कटिंगचं टेबल परत मिळालं नाही, पण काजं-बटणांवरची गती बघून मालक त्यांच्या आसपास घुटमळू लागला. मुख्याध्यापिका बाईंनी हा गार पाण्याचा उशिरा आलेला गुण असल्याचं जाहीर केलं. वहिनी सगळ्यांशी नीट बोलत, नवऱ्याशीही. एका शब्दाने त्यांनी काटेसाहेबांना दोष दिला नाही. काटेसाहेबांना वाटलं, तिने माफ केलं. दिवसेंदिवस त्यांना हेच वाटत राहिलं आणि तरी त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात पूर्वीसारखा भरभर चालत होता. काटेसाहेब कौतुकाने म्हणाले, हळू कर जरा, दमशील.

वहिनींचे हात थांबले. "तुम्ही तिथे आधी का बसलात?"

"कुठे?" असं काटेसाहेबांनी विचारलं खरं, पण त्यांना कळलं होतं.

"मी पुढे झाले होते. बाही वर केली होती. मला मागे ओढून तुम्ही का बसलात?"

"तुला सुईची भीती वाटेल म्हणून..."

"मला?" वहिनींनी आपली बोटं त्यांच्यासमोर धरली. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. "आयुष्यभर सुया टोचून घेतल्या आहेत मी या बोटांत. मी कधी म्हटलं मला भीती वाटते? कधी विचारलंत तुम्ही?" आणि मग त्यांचा आवाज चढला, तो चढतच गेला. वरच्या मजल्यावर मुख्याध्यापिका बाईंच्या घरातलं बोलणं बंद झालं. "वर मला आळशी म्हणालात. आणि मी वेडी, मी ते खरं मानलं. माझ्या तोंडाने अक्काला सांगितलं, मला आळस चढलाय. ती तेच धरून गेली. आळसापायी आली नाही बहीण, हे मनात घेऊन गेली ती. आता मी कुणाला सांगू, की तसं नव्हतं?"

चुकलो, असं काटेसाहेब म्हणाले. वहिनींनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी माळ्यावरून बॅग काढली आणि बघता बघता भरली. साड्या, औषधाची डबी, ती चादर. काटेसाहेब म्हणाले, मी येतो सोबत. वहिनी म्हणाल्या, नको. अक्काच्या घरी जाऊन येते. तिची खोली तरी बघते. तुम्ही येऊ नका.

बसस्टँडपर्यंत मात्र त्यांनी काटेसाहेबांना बॅग उचलू दिली. वहिनी पुढे चालत होत्या आणि काटेसाहेब धापा टाकत मागून जात होते. बस लागलेली होती. वहिनी झरझर पायऱ्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बॅगेसाठी हात बाहेर काढला. बॅग आत घेतल्यावर त्यांनी काच बंद केली. जी बाई एवढ्या चपळाईने निघाली होती तिची वाट बघणारं तिकडे कुणी उरलं नव्हतं, हे काटेसाहेबांना बस हलल्यावर कळलं, आणि ते तिथल्या बाकावर बसून राहिले.

घरी आले तेव्हा फोन वाजत होता. मुलीचा होता. आई कुठे आहे, तिने विचारलं. काटेसाहेबांनी सांगितलं, अक्काच्या घरी गेली, एकटीच. मुलगी घाबरली. झेपेल का तिला, तुम्ही का सोडलंत, असं ती म्हणू लागली.

"झेपेल," काटेसाहेब म्हणाले. "जायच्या आधी माझ्यावर ओरडली. खूप ओरडली. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय का?"

"अगं, तिचा आवाज," काटेसाहेब म्हणाले, "तिचा आवाज अगदी पूर्वीसारखा झालाय गं."